तांदळावर एक बोट

बसा.

खुर्चीवर, पलंगाच्या कडेला, खिडकीत, जिथे असाल तिथे. पाठ टेकली तरी चालेल. दोन्ही हात मांडीवर ठेवा, तळवे वर करून.

हातांकडे बघा.

आज सकाळपासून त्यांनी किती काय धरलं. दाराची कडी, दुधाचं पातेलं, गाडीची किल्ली, बसमधली दांडी, फोन. प्रत्येक गोष्ट धरली आणि सोडली. आता ते रिकामे पडले आहेत. बोटं जराशी आत वळली आहेत, झोपेत वळतात तशी.

श्वास आत येऊ द्या.

सावकाश बाहेर.

डोळे मिटायची सक्ती नाही. मिटले तर वाचणार कसं? पण मधेच एखादं वाक्य संपलं की मिटा. वाटेल तेव्हा उघडा. पुढचं वाक्य आहे तिथेच थांबलेलं असेल.

अजून एक श्वास.

आता एक खोली बघू.

खोली शांघायमधली आहे. सकाळची वेळ, दमट हवा, काचेतून येणारा पांढुरका उजेड. लांब टेबलं, टेबलांपुढे स्टुलं. या शहरात १९५६ साली तुइनाचा वर्ग भरला, मागोमाग शाळा झाली. त्याआधी ही विद्या घराघरांत होती, गुरूच्या हातातून शिष्याच्या हातात जाणारी.

तुइना म्हणजे चिनी वैद्यकातली मालीश. 'तुइ' म्हणजे लोटणं. 'ना' म्हणजे धरून उचलणं. त्याहून जुनं नाव आहे 'आनमो': दाबणं, चोळणं. नावांत नुसती हातांची कामं आहेत.

खोलीत तेलाची बाटली दिसत नाही. कुणी पालथं झोपलेलं नाही. बांबूच्या पाव्याचं रेकॉर्ड केलेलं संगीत नाही, उदबत्ती नाही. मॉलमधल्या पाटीवरचं 'चायनीज मसाज' इथे कुठेच नाही.

प्रत्येक विद्यार्थ्यापुढे एकच वस्तू आहे.

तांदळाची पिशवी.

तिच्याकडे बघा. वीतभर लांब, रुंदीला त्याहून कमी. जाडसर सुती कापड, तोंड घट्ट बांधलेलं. आत कोरडे तांदूळ, ठासून भरलेले. वरून एक अभ्रा. घामाने मळला की काढून धुवायचा. आपल्याकडे तान्ह्या बाळाच्या डोक्याखाली मोहरीची उशी ठेवतात, दिसायला साधारण तशी. हाताला मात्र जड लागते.

माणसाच्या अंगाला हात लावण्याआधी विद्यार्थी कितीतरी दिवस या पिशवीला हात लावतो.

पिशवी 'दुखलं' म्हणत नाही. 'बरं वाटलं' असंही म्हणत नाही.

तिच्यासमोर बसा.

अजून काही करायचं नाही. कापडाचं विणकाम बघा. उभा धागा, आडवा धागा. त्याखाली दाण्यांचे बारीक उंचवटे. आत अन्न आहे, हेही मनात असू द्या. जे भुकेला लागतं, तेच आज हाताला शिकवणार आहे.

श्वास आत.

श्वास बाहेर.

तुमच्यापाशी पिशवी नसेल. उशी चालेल. तीही नसेल तर स्वतःची मांडी चालेल.

उजव्या हाताची मूठ करा. सैल मूठ, आत एक लिंबू मावेल इतकी. मुठीला वरच्या बाजूने जे भोक राहतं त्याला तिकडे 'मुठीचा डोळा' म्हणतात. अंगठा सरळ करा आणि त्या डोळ्यावर झाकण ठेवल्यासारखा ठेवा.

आता अंगठ्याचं टोक पिशवीवर टेकवा.

नुसतं टेकवा. दाबू नका.

इथे थांबू.

या रीतीचं नाव आहे 'यी-जि-छान'. यी म्हणजे एक. जि म्हणजे बोट. आणि छान हा शब्द मुळात आपल्याच अंगणातला. संस्कृतातलं 'ध्यान' पालीत 'झान' झालं, भिक्षूंबरोबर वाळवंटं आणि डोंगर ओलांडून चीनमध्ये पोचलं, आणि तिथल्या जिभेवर 'छान' झालं. तेच पुढे जपानात 'झेन'.

एका बोटाचं ध्यान.

परंपरा ही रीत थेट बोधिधर्मापर्यंत नेऊन भिडवते. दंतकथाच ती. पण त्या दंतकथेलाही दक्षिण भारतातून निघालेला एक भिक्षू लागला, याची मला गंमत वाटते.

छान. एकदा हलकेच म्हणून बघा. तोंड उघडतं, श्वास बाहेर जातो, आणि शेवटी जीभ टाळूला लागून थांबते.

थांबू द्या तिला तिथेच.

मागून शिक्षकांच्या पावलांचा आवाज येतो. ते पाच गोष्टी सांगतात. काल याच पाच सांगितल्या होत्या. उद्याही याच सांगतील.

खांदा बुडू दे.

लक्ष खांद्यावर न्या. तो वर चढलेला असेल. हे लिहिताना माझाही चढलाय. कुणीतरी मागून हाक मारणार आहे, अशा बेताने आपण खांदे दिवसभर उचलून धरतो, आणि धरलेत हे संध्याकाळपर्यंत कळत नाही.

त्याला ओढून खाली आणू नका. विहिरीत खडा सोडला की तो आपणहून तळाला जातो. तसा खांदा सोडा. श्वास बाहेर जाईल तेव्हा तो थोडा बुडेल. पुढच्या श्वासाला आणखी थोडा.

घाई नाही.

बुडू द्या.

कोपर लोंबू दे. दोरीवर वाळत घातलेल्या सदऱ्याची ओली बाही जशी लोंबते. कोपर मनगटापेक्षा जरा खालीच राहतं.

मनगट टांगलेलं. वरून कुणी एका दोऱ्याने धरलंय आणि हात त्या दोऱ्याखाली सैल पडलाय.

तळवा पोकळ. तिथे काहीच नाही. मघाचं लिंबूही आता नाही.

आणि बोट भरीव.

सगळ्या हातात भरलेली जागा एवढीच. अंगठ्याचं टोक. खांदा सोडला, कोपर सोडलं, मनगट सोडलं, तळवा रिकामा केला. त्यांनी सोडलेलं वजन ओघळत ओघळत इथे येऊन साचलं.

जाणवतंय का?

जाणवलं नाही तरी बसून रहा. पहिल्या दिवशी कुणाला जाणवत नाही.

जिथे अंगठा टेकलाय त्या जागेला शिक्षक 'ल्वोवन' म्हणतात. 'ल्वो' म्हणजे गोगलगाय, शंख. 'वन' म्हणजे रेघ, नक्षी. अंगठ्यावरच्या शंखाच्या रेघा.

लहानपणी आपण बोटांची टोकं उजेडात धरून मोजत होतो. किती शंख, किती चक्रं. कुणाच्या हातावर जास्त चक्रं, कोण राजा होणार. तिकडच्या मुलांनीही आपल्या बोटांवर शंखच पाहिला.

तुमच्या अंगठ्यावर काय आहे, एकदा बघून घ्या.

पुन्हा टेकवा.

शंख कापडावर. कापड तांदळावर.

श्वास आत.

श्वास बाहेर.

आता हात हलू द्या.

अंगठ्याचं टोक जागेवरच आहे. कोपरापासून मनगटापर्यंतचा हात झोपाळ्यासारखा बाहेर जातो, आत येतो. मनगट त्याच्यामागून जातं. अंगठ्याचं पेर वाकतं, सरळ होतं. टोक कापडाला चिकटल्यासारखं. ते घासत नाही, उचललंही जात नाही.

बाहेर. आत.

बाहेर. आत.

झोपाळ्याला कुणी झोका देत नाहीये. तो आपला आपण हलतोय.

बाहेर. आत.

वर्गात हे मिनिटाला १२० ते १६० वेळा होतं. छातीतल्या ठोक्यांच्या साधारण दुप्पट. खोलीभर पंधरावीस मनगटं झुलताना दिसतात आणि आवाज जवळजवळ नसतो. तुम्ही एवढ्या वेगाच्या मागे लागू नका. तुमचा झोपाळा जसा हलतो तसा.

एक गोष्ट मात्र बघून ठेवा. हात इतका भराभर झुलतो, पण पिशवीवरून पुढे सरकतो तो अगदी सावकाश. भराभर लोट, हळूहळू सरक, असं शिकवतात. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वीतभर अंतर, आणि त्या वीतभर वाटेवर अंगठा गोगलगायीच्या चालीने निघालाय.

आपला शंख घेऊन.

पुढे सरकला का?

सरकला असेल. दाण्याएवढा.

टेबलाच्या पलीकडे एक मुलगी अंगठा वापरत नाहीये. ती हाताची पाठ पिशवीवर लोळवतेय, करंगळीच्या बाजूने, पोळपाटावर लाटणं फिरावं तशी. ही रीत तिंग जीफंग यांनी १९४०च्या दशकात काढली. ते एका बोटाच्या ध्यानाच्या घराण्यातच वाढलेले. त्याच झुलत्या मनगटाला त्यांनी अंगठ्याऐवजी अख्ख्या हाताची पाठ दिली. लाटणं पुढे जातं, मागे येतं. बघत राहावंसं वाटतं.

पण आपण अंगठ्यापाशी राहू.

पाच मिनिटं होतात.

दहा.

आता हातात काहीतरी येतं. आधी पुढच्या हातात, मग अंगठ्याच्या मुळाशी, मग न सांगता परत वर चढलेल्या खांद्यात. हे दुखणं म्हणावं तर दुखणं नाही. कळ नाही, ठणकाही नाही.

हात आंबला.

बाजूचा मुलगा मनगट झटकतो आणि एक शब्द पुटपुटतो. 'स्वान.'

स्वान म्हणजे आंबट. व्हिनेगरची चव, लोणच्याची चव. आणि थकलेल्या अंगात जे भरून राहतं, त्यालाही तिकडे स्वानच म्हणतात.

दिवसभर उभं राहून घरी आलेली बाई उंबऱ्यात टेकते आणि म्हणते, पाय आंबले गं. तिला चिनी येत नाही. त्या मुलाला मराठी येत नाही. दोन्ही भाषांचं कूळ एक नाही, मधे हिमालय उभा. तरी थकलेल्या अंगाची चव दोघांच्या जिभेला सारखीच लागली.

या शब्दापाशी मी फार वेळ बसू शकतो. बसू या.

तुमच्या अंगात आत्ता कुठे आंबलंय?

शोधायला धावू नका. नुसतं विचारा आणि थांबा. मान? दोन खवाट्यांच्या मधली जागा? कमर? पोटऱ्या? जबड्याच्या कोपऱ्यातही असतं, तिथे बहुधा कुणी विचारत नाही.

एखादी जागा हळूच हात वर करेल.

श्वास तिच्याजवळ न्या. काही करायला म्हणून नको. भेटायला.

आंबायला वेळ लागतो. डोशाचं पीठ रात्रभर झाकून ठेवतो तेव्हा सकाळी फुगून वर येतं. अंगही असंच. एका दिवसात आंबत नाही. कितीतरी रात्री कुणी झाकण उघडून पाहिलेलं नसतं.

आता उघडलंय.

नुसतं बघा.

श्वास आत.

श्वास बाहेर.

हात चांगला झाला हे ओळखायचं कसं, हेही शिक्षक सांगतात. तो टिकला पाहिजे. त्यात बळ हवं. तो सारखा पडला पाहिजे, आता जोरात मग हलका असा नको. आणि तो मऊ हवा. एवढं जमलं की एक गोष्ट न शिकवता येते: हात खोल मुरतो.

बळ आणि मऊपणा एकाच हातात कसे राहतात, हे कणीक तिंबणाऱ्या बाईच्या हाताकडे बघून कळतं. खोल मुरणं मला पावसात दिसतं. धो धो सर येते, पाणी उतारावरून वाहून जातं, माती आत कोरडीच. मग एखाद्या संध्याकाळी नुसती भुरभुर लागते. तासभर, दोन तास. आवाज नाही, ओहोळ नाही. सकाळी बोट खुपसलं की माती आतपर्यंत ओली.

अंगठा तसा पडू द्या.

भुरभुर.

बाहेर. आत.

काही आठवडे जातात. शिक्षक येतात आणि पिशवीचं तोंड थोडं सैल करून बांधतात.

कालपर्यंत पिशवी घट्ट होती. बोट जिथे ठेवलं तिथे राहायचं, थोडी चूक झाली तरी खपून जायची. आज दाणे सरकतात. अंगठा टेकला की खालची जमीनच हलते. हाताने हट्ट धरला की बोट भलतीकडे जातं.

हळूहळू हात हट्ट सोडतो. तांदूळ जिकडे जातात तिकडे थोडा जातो, आणि तरीही आपल्या जागी असतो.

कान द्या.

सैल पिशवीला आवाज आहे. अगदी बारीक. दाण्यावर दाणा सरकतो तेव्हा होणारी खसखस. सुपात तांदूळ हलकेच फिरवताना येतो तसला, पण दूरच्या खोलीतून आल्यासारखा.

ऐकू येतंय?

आता डोळे खरंच मिटा. मिटून दोन श्वास घ्या. मग परत या.

दोन श्वास.

चीनमध्ये हे काम करणाऱ्यांत अंध माणसं खूप आहेत. बी फेइयू यांची 'तुइना' नावाची एक कादंबरी आहे, २००८ सालची. नानजिंगमधल्या मालीश-केंद्रात काम करणाऱ्या अंध माणसांची गोष्ट. त्यांच्यासाठी मघाची ती खसखस हीच पहिली ओळ असेल. आपल्याला डोळे मिटून तिथवर जावं लागतं, आणि उघडले की आपण परत बाहेर.

पुन्हा एकदा मिटा.

या.

एक दिवस पिशवी बाजूला ठेवतात.

विद्यार्थी जोड्यांनी उभे राहतात. एकजण पालथा झोपतो. त्याच्या पाठीवर एक सुती कापड पसरतात. तुइना बरेचदा कापडावरूनच करतात. तेलाने निथळणाऱ्या मालीशीची सवय असलेल्या आपल्याला ती जरा कोरडी वाटते. कुठे हात लावायचा नाही, हे आधीच शिकवून झालेलं असतं. जखमेवर नाही, मोडलेल्या हाडावर नाही, लालबुंद सुजेवर नाही.

हात पुढे येतो. कापडावर टेकतो.

आणि थबकतो.

कापडाखालचं काहीतरी वर येतंय. हळूच वर, हळूच खाली.

पिशवीने इतक्या दिवसांत श्वास घेतला नव्हता.

इथे राहू.

तुमचा हात तुमच्या पोटावर ठेवा. बेंबीच्या जरा वर, सदऱ्यावरूनच. नुसता टेकवा, मघाशी अंगठा टेकवला होता तसा. खांदा बुडालेला. कोपर लोंबतंय.

आता पोट वर येईल. हाताला उचलेल.

मग खाली जाईल. हात त्याच्याबरोबर जाईल.

तुम्ही हात हलवत नाही आहात.

वर.

खाली.

कापडाची ऊब तळव्यात येते आहे. की तळव्याची ऊब कापडात जाते आहे? थोड्या वेळाने सांगता येत नाही. सांगायची गरजही नाही.

वर.

खाली.

ही विद्या म्हणते की अंगात 'ची' नावाची प्राणशक्ती वाहते, बारा मोठ्या वाटांनी. ती आहे की नाही हा वाद खरा आहे, आणि कामाचाही आहे. आज त्याला बाहेर चपलांपाशी बसू द्या.

आत फक्त हात आहे, आणि हाताखाली वर-खाली होणारं काहीतरी.

त्या वाटांवर जागोजाग ठिकाणं आहेत. त्यांची नावं ऐका. प्रत्येक नावानंतर थोडं थांबा.

मानेच्या मागे, डोक्याच्या कवटीखालच्या खळग्यात: वाऱ्याचं तळं.

खांद्यावर, मान आणि खांद्याचं टोक यांच्या मधोमध: खांद्याची विहीर.

अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या मांसल जागेत: जुळणारी दरी. गरोदर बाईच्या हातावर ही दरी दाबत नाहीत.

पायाच्या तळव्यावर, चवड्याच्या मागे: उसळता झरा.

एखादं गाव फिरून आल्यासारखं वाटतं. तळं, विहीर, दरी, झरा. ज्यांनी ही नावं ठेवली त्यांनी माणसाच्या अंगावर आधी पाणी शोधलं.

लहान मुलांच्या हातावर तर नदीच आहे. तुइना हे नाव मिंग राजवटीच्या काळात मुलांच्या मालीशीबरोबरच रूढ झालं. मुलाला ताप आला की त्याच्या हाताच्या आतल्या बाजूने, मनगटापासून कोपराकडे, दोन बोटं हलकेच लोटत नेतात. त्या सरळ ओघाचं नाव आहे आकाशगंगेचं पाणी. तापलेल्या एवढ्याशा हातावर आकाशगंगा.

तुमचा डावा हात उताणा करा.

मनगटावरची आडवी रेघ दिसते? तिथून कोपराच्या दिशेने दोन अंगठे मोजा. तुमचेच अंगठे, आडवे. कारण इथे माप इंचाचं किंवा सेंटिमीटरचं नसतं. ज्याचं अंग, त्याचंच बोट. अंगठ्याची रुंदी म्हणजे एक माप, चार बोटं शेजारी शेजारी ठेवली की तीन. पहिलवानाचं माप पहिलवानापुरतं, पोराचं पोरापुरतं. आपल्या वैद्यांचं अंगुलही असंच, ज्याचं त्याचं.

दोन अंगठे वर. तिथे दोऱ्यांसारख्या दोन कंडरा लागतील. काहींच्या हातात एकच लागते. त्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेला 'आतली वेस' म्हणतात.

वेशीवर अंगठा टेकवा.

शंख कातडीवर.

खांदा बुडू दे. कोपर लोंबू दे. मनगट टांगलेलं, तळवा पोकळ.

बोट भरीव.

श्वास बाहेर जाताना अंगठा थोडा आत जाऊ द्या. तुम्ही नेऊ नका. वेस उघडेल तितकाच.

श्वास आत येताना तो थोडा वर येऊ द्या.

बाहेर जाताना आत. आत येताना वर.

हाताखाली काय आहे? एक धागा. थोडी ऊब. कदाचित एक हलकी तटतट. कदाचित तीच मघाची आंबट चव, पेराखाली, बारीकशी.

कदाचित काहीच नाही. तेही ठीक.

सातव्या शतकात सुन सिमियाव नावाचे एक वैद्य होऊन गेले. त्यांच्या ग्रंथाच्या नावात हजार सुवर्ण असा शब्द आहे. माणसाचा जीव हजार सुवर्णांहून मोलाचा, म्हणून. नकाशातल्या सगळ्या तळ्याविहिरींच्या पलीकडे त्यांनी आणखी एक जागा सांगितली. तिला ठरलेला पत्ता नाही. अंगावर बोट फिरवत जायचं, इथे दाबायचं, तिथे दाबायचं. मधेच कुठेतरी समोरचा माणूस म्हणतो, 'आऽऽ, हेच.'

त्या जागेचं नावच ते पडलं. आ-श. आ, हेच.

तेराशे वर्षं झाली, ते नाव बदललेलं नाही.

आता अंगठा तुमच्या अंगावर फिरू द्या. पुढच्या हातावरून, कोपराच्या खालच्या फुगीर भागावरून, वर दंडाकडे, खांद्याच्या विहिरीकडे. गोगलगायीच्या चालीने. शोधू नका. फिरू द्या.

प्रत्येक ठिकाणी एक श्वास.

इथे?

पुढे.

इथे?

थोडं पुढे.

जिथे तुमच्याच तोंडून, ठरवलेलं नसताना, एक 'आ' निघेल, तिथे थांबा.

तिथेच रहा.

जोर करू नका. भुरभुर. बोटाने विचारलंय, जागेने उत्तर दिलंय. आता दोघं थोडा वेळ शेजारी बसतील.

श्वास आत.

श्वास बाहेर.

श्वास आत.

बाहेर.

अजून थोडं राहावंसं वाटलं तर रहा. हे वाक्य वाट बघेल.

आता अंगठा उचला. टेकवला होता त्याहूनही हळू. कातडी त्याच्याबरोबर किंचित वर येते, मग सुटते.

जागेकडे बघा. तिथे एक फिकट ठिपका आहे. बघता बघता कडेने गुलाबी होत येतो. मग सगळाच गुलाबी. मग तुमच्या हाताच्या रंगाचा.

हात परत मांडीवर ठेवा. तळवे वर करून.

शांघायच्या खोलीत वर्ग सुटलाय. स्टुलं आत सरकवलेली. कुणीतरी खिडकी उघडलीय, बाहेरून सायकलची घंटी येते. टेबलांवर पिशव्या ओळीने पडल्या आहेत आणि प्रत्येकीच्या अंगावर एकेक खळगा आहे. अंगठ्याएवढा. कापड अजून खाली गेलेलं, तसंच.

एक मुलगी परत येते. आपली पिशवी दोन्ही हातांत उचलते आणि बाळाला डोलवावं तशी एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे हलवते.

खसखस.

खळगा भरतो. ती पिशवी खाली ठेवते.